येडूमामाची मीटिंग

आमच्या वाडीत मेंढरं पाळणारी घरं पुष्कळ आहेत, पण मेंढरू कातरावं ते येडूमामांनीच. मंद्रूपपासून पार भीमेच्या काठापर्यंतची मंडळी वर्षातून दोनदा त्यांना बोलावतात. मेंढरू आडवं पाडायचं, चारी पाय सुतळीनं एकत्र बांधायचे, गुडघ्याखाली अलगद दाबायचं आणि पोटापासून कातर चालवत मानेपर्यंत यायचं. लोकर शालीसारखी उतरते आणि खालून एक हडकुळं, ओशाळलेलं जनावर उठून पळतं. तेवढ्या वेळात मामांशी कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. बोललं की मेंढराचं लक्ष विचलित होतं, असं ते म्हणतात. खरं तर लक्ष कुणाचं विचलित होतं ते आम्हाला माहीत आहे.

त्यामुळं फोनची पंचाईत. फोन बाभळीला टांगलेल्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी वाजत राहायचा. हाताला लोकरीचा चिकटा, गुडघ्याखाली जनावर, उचलणार कसा? संध्याकाळी परत फोन करावा, तर माणसानं दुसरा कातरणारा गाठलेला असायचा.

त्यांची लेक सोनाली सोलापुरात बी.कॉम.ला आहे. एका रविवारी घरी आली असताना तिनं हे बघितलं आणि वडिलांच्या फोनमध्ये एक सोय करून दिली.

"आप्पा, तुम्ही फोन उचलला नाही की समोरच्याला आपोआप मेसेज जाईल."

"मी न लिवता?"

"तुम्ही न लिहिता."

त्या सोयीत तीन वाक्यं तयारच होती. एक, मी गाडी चालवतोय. दोन, मी थिएटरमध्ये आहे. तीन, मी सध्या मीटिंगमध्ये आहे, थोड्या वेळाने फोन करतो. सोनालीनं विचार केला. आप्पांना गाडी येत नाही, थिएटरात ते जात नाहीत. राहिली मीटिंग. तिनं ती लावली आणि दुपारच्या एसटीनं सोलापूरला गेली. मामांनी वाक्य काय आहे ते विचारलंसुद्धा नाही.

सोमवारी पहिला फोन आला तो अकलूजहून. तिथं दूध डेअरीत कामाला असलेला शहाजी म्हणजे मामांच्या बायकोचा, केराबाईंचा, धाकटा भाऊ. त्यानं अकराला फोन केला, मीटिंग. बाराला केला, मीटिंग. तीनला केला, मीटिंगच. मग त्यानं बहिणीला लावला. केराबाई तेव्हा माझ्या पिठाच्या गिरणीत ज्वारी घेऊन बसल्या होत्या. गिरणीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी फोनचा स्पीकर लावला.

"आक्का, दाजी सकाळपासनं कसल्या मीटिंगमधी हायत?"

"कसली मीटिंग? कातर घिऊन गेल्यात की सकाळी."

"आक्का, आता मीटिंगला कातर लागाय लागली व्हय?"

मी गिरणी बंद केली. नऊ बायका माना पुढं काढून ऐकत होत्या. ग्रामपंचायतीची निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली. केराबाईंचं पीठ डब्यात पडेपर्यंत बातमी वाडी ओलांडून गेली होती की येडूमामा राजकारणात उतरले.

आता आमच्याकडं दोन पॅनेल. एक खताचं दुकान चालवणाऱ्या मल्लिनाथशेठचं, दुसरं द्राक्षबागवाल्या विरुपाक्षअण्णांचं. दोघांनी गेल्या अकरा वर्षांत एका टपरीवर चहा घेतलेला नाही. आणि दोघांनाही हवी होती ती मेंढपाळ वस्तीवरची एकशे बारा मतं. मंगळवारी मल्लिनाथशेठनं मामांना फोन लावला. उत्तर आलं, मीटिंगमध्ये आहे. मीटिंग कुणाबरोबर? विरुपाक्षबरोबरच असणार! त्याच दुपारी विरुपाक्षअण्णांनीही लावला. त्यांनाही तेच उत्तर आणि त्यांनाही तीच शंका, फक्त नाव उलटं.

बुधवारी सकाळी मल्लिनाथशेठ किलोभर बालुशाही घेऊन थेट मळ्यात गेला. तिथं मामांचं स्वतःच्याच मेंढरांचं कातरणं चालू होतं. शेठनं मेंढरं घेतली असावीत आणि ती कातरायला हा बोलवायला आला असावा, असं मामांना वाटलं.

"किती हायत तुमच्याकडं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दोनशे तर धरूनच चाला," मतांचा अंदाज करत शेठ म्हणाला.

"दोनशे! आन् ठिवल्यात कुटं?"

"ठेवायची कशाला? आपापल्या घरी हायत."

"तसं न्हाय चालत. एका जागी गोळा करा. आदल्या दिवशी धुवून घ्या."

शेठनं इकडंतिकडं बघितलं, आवाज खाली आणला. "धुवून म्हंजे?"

"वड्याच्या पाण्यातनं काडायची. घान जाती. मग काम सोपं."

"आन् ऐकत्यात का?"

"पाय बांधल्यावर कोन ऐकत न्हाय? जरा वराडत्यात. एकादं लातबी मारतं. पर मानगूट धरली, की गप." मामांनी दोन वेळा कचाकचा कातर चालवली. "शेवटाला अशी हलकी हुत्यात, आई वळखत न्हाय त्येंची."

मल्लिनाथशेठ दोन पावलं मागं सरला. "मामा, तुमी लई पुढं गेलाय."

"चाळीस वर्सं झाली की ह्यात."

शेठ बालुशाहीचा बॉक्स बाभळीखाली ठेवून परत आला आणि गिरणीवर येऊन मला म्हणाला, "ह्या माणसाला विरोधात ठिवून चालायचं न्हाय. घाम फुटला मला."

दुपारी विरुपाक्षअण्णा पोचले. अण्णांचं घर कानडी बोलणारं, त्यामुळं दचकले की ते 'यप्पा' म्हणतात.

"मल्लिनाथचं ठरलं का तुमच्याबरोबर?" त्यांनी विचारलं.

"ठरलं. दोनशे हायत म्हन्ला. सोमवारी त्येची धरतो."

"यप्पा! दोनशे? मग माझी?"

"तुमची मंगळवारी धरू की. मला काय, एकदा खाली पाडली की समदी सारकीच."

"यप्पा," अण्णा परत म्हणाले आणि उन्हातून तसेच निघून गेले. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही, असं त्यांच्या घरचे सांगतात.

संध्याकाळी मामा घरी आले तर दारात केराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अवं, कसल्या मीटिंगा चालल्यात तुमच्या? शहाजी इचारतोय, शेजारीन इचारती, समदी मलाच इचारत्यात!"

सोनालीला फोन लावला, मग कुठं त्या मेसेजचा उलगडा झाला. मामांना फार वाईट वाटलं. फोन घेऊन ते माझ्याकडं आले तेव्हा त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"जलमात मी मीटिंगला बसलो न्हाय. माज्या नावावर खोटं जातंय, बाबा. काडून टाक. खरं काय ते लिव."

"सांगा, काय लिहू?"

मामांनी डोळे मिटून, विचार करून एकेक शब्द सांगितला. मी तसाच लिहिला: 'पाय बांधल्यात. आत्ता बोलता येत न्हाय. सोडलं की फोन करतो.'

मला शंका आली. "मामा, मेंढरं हा शब्द घालू का मधे?"

"कशाला? समद्यास्नी ठावं हाय मी काय करतो ते."

त्यांचं म्हणणं पटलं मला. माझी चूक झाली असेल तर ती इथं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मल्लिनाथशेठनं मामांना फोन केला. उत्तर वाचून तो खुर्चीतून उठला. विरुपाक्षनं मामांना पळवून नेऊन बांधून ठेवलंय! त्यानं सहा माणसं गोळा केली आणि तीन मोटारसायकली मळ्याकडं निघाल्या. नऊ वाजून दहा मिनिटांनी विरुपाक्षअण्णांनी फोन केला. ते म्हणाले, "यप्पा, मल्लिनाथनं बांधला की रे त्याला!" आणि आठ माणसं काठ्यांसह जीपमध्ये बसवून तेही मळ्याकडं निघाले. अकलूजला शहाजीनं तोच मेसेज वाचला आणि रडत बहिणीला फोन केला.

"आक्का, दाजींना कुनीतरी पळवलंय गं!"

"पळवू दे," केराबाई म्हणाल्या. "जेवताना मीठ कमी, मीठ जास्त करत्यात. दोन दिसांत आणून सोडतील."

तरीपण त्या घाईघाईनं मळ्याकडं निघाल्या. मीही गिरणीला कुलूप लावून त्यांच्या मागं गेलो. शेवटी अक्षर माझं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मामा त्यांच्या सगळ्यात मोठ्या मेंढ्याला कातरत होते. एक बाजू झाली होती, दुसरी व्हायची होती. तेवढ्यात पूर्वेकडून मोटारसायकली आणि पश्चिमेकडून जीप एकदमच आली आणि दोन्हीकडून आरोळी उठली, "सोडा मामांना!"

मामा इतके दचकले की त्यांनी खरंच सोडलं. मेंढ्याच्या पायाची सुतळी निसटली. तो उठला, एका अंगानं भरदार आणि दुसऱ्या अंगानं उघडा, आणि सरळ मल्लिनाथशेठच्या दोन पायांमधून निघून गेला. शेठ खाली बसला. त्याच्यामागं बाकीची बेचाळीस मेंढरं कुंपण मोडून उधळली.

इकडं दोन्ही पॅनेल एकमेकांच्या अंगावर धावली.

"तू बांधलंस!"

"मी? तूच बांधलंस!"

"अरं पर कुनाला?" मामा हातात कातर घेऊन मधेच उभे राहून विचारत होते. त्यांचं कुणी ऐकेना.

केराबाईंनी एकदाच सगळीकडं नजर फिरवली. मेंढरं विरुपाक्षअण्णांच्या द्राक्षबागेच्या दिशेनं चालली होती. त्यांनी जो आवाज काढला तसा मी आजवर ऐकलेला नाही.

"ए, गप बसा समदी! मल्लिनाथशेठ, उटा, वड्याच्या अंगाला जावा. अण्णा, ती काटी टाका हातातली, बिथरत्यात जनावरं. टावेल पसरा. एकमेकाचा टावेल धरा. वराडायचं न्हाय, नुस्तं 'हिर्र' म्हनायचं!"

आणि त्यांनी ऐकलं. चौदा माणसं, दोन पुढारी आणि मी, सगळे टॉवेलची टोकं धरून एका रांगेत 'हिर्र, हिर्र' करत सरकू लागलो. रांगेत शेठ आणि अण्णा शेजारीशेजारी आले होते आणि दोघांत एकच टॉवेल होता. अर्ध्या तासात मेंढरं मेंढवाड्यात आली. केराबाईंनी मोजली.

"बेचाळीस. मेंढा कुटं हाय?"

मेंढा अण्णांच्या जीपमध्ये होता. दार उघडं राहिलं होतं. मागच्या सीटवर बसून, कातरलेली बाजू खिडकीकडं करून, तो शांतपणे अण्णांचं प्रचाराचं पत्रक खात होता.

मग सगळे बाभळीखाली टेकले. मामांनी मेसेजची हकिकत पहिल्यापासून सांगितली.

"म्हंजे," मल्लिनाथशेठ हळूच म्हणाला, "वड्यात धुवायची होती ती… मेंढरं?"

"मग काय मानसं धुवू?"

आधी अण्णा हसले. मग शेठ. मग बालुशाहीचा बॉक्स उघडला आणि दोन्ही पॅनेलांनी एकाच बॉक्समधून खाल्ली.

वस्तीच्या वॉर्डातली एक जागा बायकांसाठी राखीव होती. दोन्ही पॅनेलांना तिथं उमेदवार मिळाला नव्हता. वस्तीवरच्या ज्या ईरम्माला दोघांनी विचारलं होतं, तिनं दोघांनाही दारातूनच परत पाठवलं होतं. तोंडातला घास तसाच ठेवून अण्णा केराबाईंकडं बघायला लागले. शेठनं त्यांची नजर बघितली आणि म्हणाला, "माझ्याबी मनात तेच आलंय."

"मला?" केराबाई म्हणाल्या. "सही येती मला. पर कातरनीच्या दिसांत मी यायची न्हाय, आत्ताच सांगती."

त्या बिनविरोध निवडून आल्या. सरपंचपदासाठी मात्र शेठ आणि अण्णा रीतसर भांडले आणि अण्णा सात मतांनी जिंकले.

दुसऱ्याच महिन्यात केराबाईंनी बाजारतळावर जनावरांच्या पाण्यासाठी हौद मागितला. पुढच्या वर्षी बघू, असं सरपंच म्हणाले. पुढच्या बाजारच्या दिवशी तहानलेली सगळी मेंढरं घेऊन त्या ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. महिन्याभरात हौद झाला. त्यावर पाटी लावायची का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, मेंढरांना वाचता येत नाही.

त्या कचेरीत असतात तेव्हा येडूमामा स्वतः भाकरी थापायला शिकतायत. परवा मी बघायला गेलो होतो. पहिली परातीला चिकटली, दुसरी तव्यावर फाटली. तिसरी त्यांनी दोन्ही हातांत धरून मला दाखवली, एका कडेनं जाड आणि दुसऱ्या कडेनं आरपार दिसणारी.

"बरी झाली न्हवं?" त्यांनी विचारलं.

"लई बरी," मी म्हणालो आणि अर्धी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं.