एका बाजूचा पट्टा

लाकूड कापायच्या त्या कारखान्यात दाजींचं काम होतं पट्ट्याची बाहेरची बाजू तपासायचं. आतली बाजू तपासायला त्यांचा सख्खा मेहुणा होता. मोटर आणि करवत यांच्यात फिरणाऱ्या एका चाळीस फुटी पट्ट्याला दोन माणसं कशाला, असं विचारू नये. वहीत रकाने दोन होते. मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळा कारखाना दाजी म्हणायचा.

मेहुण्याला इथं चिकटवला तो दाजींनीच, बायकोच्या शब्दाखातर. त्याआधी चार ठिकाणी त्याला नारळ मिळाला होता. आता पदरात तीन मुली, आणि हे पाचवं ठिकाण सुटलं तर सहावं कोणी देणार नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं. त्यामुळे त्याचा आवाज खाली आला होता असं मात्र नाही.

आतली बाजू चाकांवर घासून झिजायची, बाहेरची कोरी करकरीत राहायची. "तुमचं बरंय दाजी, आयत्या बाजूवर नागोबा," मेहुणा टोमणा मारायचा. दाजींना ते झोंबायचं. शेवटी एका सोमवारी नवा पट्टा चढवताना त्यांनी एका टोकाला अर्धा पीळ दिला आणि मग टोकं शिवली. आता पहिल्या फेरीला जी बाजू आत, तीच पुढच्या फेरीला बाहेर. झीज वाटली गेली. तीन महिन्यांचा पट्टा साडेपाच महिने चालला. पुढचा नवा पट्टाही त्यांनी तसाच पीळ देऊन चढवला.

साहेब स्वतः खाली आले. दाजींनी करवत बंद करून पट्ट्यावर खडू टेकवला आणि खडू न उचलता रेघ ओढत नेली. दोन फेऱ्यांनी रेघ जिथून निघाली तिथंच येऊन मिळाली. कुठंही बोट ठेवा, दोन्ही अंगांना रेघ.

"म्हणजे बाजू एकच?"

"एकच, साहेब." दाजींची छाती फुगली होती.

"मग माणसं दोन कशाला?"

साहेब वाईट नव्हते, त्यांना फक्त दोनातून एक वजा करता येत होता. "महिनाअखेरीला मेहुण्याला मोकळं करू. तुम्ही राहा. अक्कल तुमची."

आठवडाभर दाजींना जेवण गेलं नाही. बायकोला पोट बिघडल्याचं सांगितलं. साफ खोटं. बावीस वर्षांत एकदा डोकं चालवलं, तर त्यानं तिच्याच भावाच्या पोटावर पाय आला, हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांना स्वतःचा संताप आला होता, आणि खरं तर त्या पिळाचा अभिमानही सुटत नव्हता.

असा पीळ ओढून, झटकून जात नाही. शिवणच उसवावी लागते. शनिवारी दाजींनी ती उसवली, पट्टा सरळ शिवला आणि ते साहेबांच्या दारात उभे राहिले.

"पीळ चुकीचा होता, साहेब. पट्टा चाकावरून घसरतो. कुणाचा हात जाईल."

"अहो, साडेपाच महिने चालला की!"

"नशीब."

साहेबांनी वही ओढली. "आता बाजू किती?"

"दोन."

"मग राहू द्या दोघंही."

तीन महिन्यांनी पट्टा तुटला. नवा जोडायला दोघं बसले, भोवती बघे. "मी तेव्हाच म्हटलं होतं," मेहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजींच्या डोक्यातला पीळ पट्ट्यात चालायचा नाही!" सगळे खो खो हसले.

"चुकलंच माझं," दाजी म्हणाले आणि त्यांनी पट्ट्याचं दुसरं टोक मेहुण्याच्या हातात दिलं. "धर. सरळ धर."