थंड झाल्यावरही मऊ राहणारा भात

पेरणीच्या आधी माझी बहीण तापाने वारली. तेरवीला तिच्या घरी भात शिजला.

कुरखेड्याकडच्या तिच्या सासरी बाकी शेतात बाजारातलं धान असे. एका बांधीत, बांध घातलेल्या छोट्या तुकड्यात, मात्र ती स्वतःचं एक वाण लावायची. त्याचा भात दुसऱ्या दिवशीही मऊ राही, म्हणून रोवणीला, धानाची रोपं लावायला, जाताना ती तोच फडक्यात बांधून नेई. मी सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात तांदूळ तपासण्याचं काम करतो. तांदळात दोन तऱ्हेचा स्टार्च असतो, एक सरळ साखळ्यांचा, एक फांद्यांचा. सरळ जास्त असला की भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर टणक. एका जनुकातलं एक अक्षर बदललं तरी हे प्रमाण पालटतं. तिच्या वाणाचं एक पान नेऊन तपासलं, तर त्यात ते बदललेलं होतं, सरळ स्टार्च कमी. तिला सांगितलं तर म्हणाली, "मंग आता भाताले सर्टिफिकेट देतं का, बाबू?"

त्या घरात बियाण्याला एकच बाई हात लावते, आणि ती माझी बहीण होती. कोणत्या ढोलीतलं, साठवणीच्या कणगीतलं, धान खायचं आणि कोणतं पेरायचं, हे तिलाच माहीत होतं.

तेरवीच्या पंगतीत कोणी म्हणालं, "काय भात हाय जी, पत्रावळीले सोडत नाई!"

"तिच्यासारखाच. धरलं ते सोडाचं नाई," शेजारचा म्हणाला.

लोक हसले. मीही हसलो.

सकाळी उरलेला भात पुढे आला. घास तोंडात घेतला. तो मऊ होता.

"हा तांदूळ कुठला?" मी तिच्या जावेला विचारलं.

"कोपऱ्यातल्या ढोलीतला. बाईच्या हातचं धान तेरवीले पायजे ना, भाऊ."

"सगळं भरडलं?"

"इतके लोक होते. पसाभर तांदूळ उरला." मग तिने कारण विचारलं, "काऊन?"

पेरायचं बियाणं तेच होतं. मी तसाच उठलो.

गिरणीवर जाऊन कोंडा चाळला. काही न भरडलेले, तुसासकट दाणे मिळाले, ते कुंडीत लावले. रोपं आली. पानं तपासली, तर त्यांच्यात ते बदललेलं अक्षर नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या धानाचे दाणे गिरणीत राहिले होते. गावात घरोघर विचारलं. त्या वाणाचं बी कोणाकडेच नव्हतं.

तो पसाभर तांदूळ माझ्याकडे डब्यात आहे. भरडताना दाण्याचा कोंब फुटणारा भाग निघून जातो. त्या तांदळातून जनुक अजून वाचता येतं. तो पेरता येत नाही.