दादाचं मत

ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा कौल दिला, त्या दिवशी मी इकडे अमेरिकेत, आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या एका साडीच्या दुकानात उभी होते. फॉल-पिको करायला टाकलेल्या साड्या न्यायला आले होते. काउंटरमागच्या टीव्हीवर तीच बातमी चालू होती. तेवढ्यात लेस्टरहून दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला.

"बघितलंस?"

"बघतेय. अरे, हे असं होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं."

"मला वाटलं होतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मी बाहेर पडायलाच मत दिलं. पोरीला मात्र सांगू नकोस."

पोरगी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली आणि एका पोलिश मुलाशी तिने लग्न केलं. जावई फिजिओथेरपिस्ट, शांत स्वभावाचा, कामाला वाघ. त्यांना तीन वर्षांची मुलगी. दादाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. दादा रोज संध्याकाळी नातीला बागेत न्यायचा. अशा माणसाने, ज्याच्या घरातच युरोप येऊन बसला होता, त्याने हे मत दिलं होतं.

"का रे?" मी विचारलं.

"का ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. शेवटचे दोन महिने ती एकच म्हणत होती, माझ्या बहिणीला बोलवा. बहीण नागपूरला, शाळेतून रिटायर झालेली, विधवा. तिने व्हिसाचा अर्ज केला. दादाने सगळे कागद जोडले: स्वतःचं पत्र, हॉस्पिटलचं पत्र, घराचे कागद. अर्ज नाकारला गेला. ही बाई परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण दिलं होतं. चाळीस वर्षं त्या देशातली माणसं तपासलेल्या दादासारख्या डॉक्टरच्या शब्दाला तेवढीच किंमत. दुसरा अर्ज करेपर्यंत वहिनी गेली.

आणि वहिनी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी जावयाची आई पोलंडहून विमानाने येऊन उभी राहिली. पोलंड युनियनमधला, त्यामुळे तिला व्हिसाचं कुणी काही विचारलं नाही. पासपोर्ट दाखवला आणि आली. इंग्रजी येत नव्हतं. येताना बरणीभर काकडीचं लोणचं घेऊन आली होती. तेरा दिवस तिने वहिनीच्या स्वयंपाकघरात उभं राहून सगळ्यांना जेवायला घातलं. मीही तेव्हा गेले होते. एकदा ती बीट किसत होती आणि दादा दारात उभा राहून तिच्याकडे पाहत होता. ती किती करतेय, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "हो. पण इथे कोण उभं राहायला हवं होतं?"

त्यामुळे त्या दिवशी साडीच्या दुकानात मी त्याला म्हटलं, "बरोबर केलंस दादा."

हे मी केवळ त्याच्या समाधानासाठी म्हटलं नाही, हे इथे सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात आमच्या इकडेही हवा तशीच होती. मराठी मंडळाच्या पिकनिकला गेलं की वडापावच्या स्टॉलशी बाहेरून येणाऱ्यांचाच विषय. आम्ही सगळे डॉक्टर, इंजिनिअर, पन्नाशी-साठी ओलांडलेले. "यार, आपण रांगेत उभं राहून आलो," असं कुणीतरी म्हणायचं, "परीक्षा दिल्या, ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षं थांबलो. बाकीच्यांनी का नाही थांबायचं?" आणि मी मान डोलवायचे. रांगेत आपल्या पुढे कोण आहे याचा राग मलाही येत होता. फक्त मी तो कधी मोठ्याने बोलले नव्हते.

ऑगस्टमध्ये भाची, जावई आणि छोटी आमच्याकडे पंधरा दिवसांसाठी आली. दुसऱ्या की तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारची जेवणं उरकली होती, छोटी आत झोपली होती. माझा नवरा ऑफिसला. आम्ही तिघं घरामागच्या लाकडी डेकवर कलिंगड खात बसलो होतो.

माझ्या लक्षात आलं होतं की जावई लेकीशी घरात पोलिशमध्ये बोलतो, पण दुकानात नेलं की इंग्रजीत. बोलणं इंग्रजीतच चाललं होतं; मी सहज कारण विचारलं. त्याने भाचीकडे पाहिलं. भाची म्हणाली, "आत्या, त्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी हा आणि छोटी बागेत होते. ती झोपाळ्यावर, हा तिला पोलिशमध्ये आकडे मोजून झोके देत होता. एक माणूस जवळ आला, चांगला म्हातारा, कुत्रा बरोबर. म्हणाला, आता बॅग भरा. अगदी हसत म्हणाला. तेव्हापासून हा बाहेर तिच्याशी इंग्रजीतच बोलतो."

मी त्याच्या ताटलीत कलिंगडाची आणखी एक फोड ठेवली.

"आणि बाबा," ती पुढे म्हणाली, "बाबा तर या विषयावर बोलतच नाहीत. इतके अपसेट आहेत. आईनंतर आता हे. तुझ्याशी बोलले का काही?"

मी कलिंगडाच्या बिया ताटलीच्या कडेला सारत राहिले. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला.

"आत्या?"

"अगं, त्याचं दुःख वेगळं आहे..."

"आत्या, बाबांनी कशाला मत दिलं?"

जावई हळू आवाजात म्हणाला, "आत्यांना नको विचारूस. मला माहीत आहे."

ती गर्रकन त्याच्याकडे वळली.

त्याने सांगितलं ते असं. मतदानाच्या दिवशी दादाचा गुडघा दुखत होता, म्हणून यानेच त्याला गाडीतून केंद्रावर नेलं. जावयाला स्वतःला मताचा हक्क नव्हता, तो बाहेर गाडीत बसून राहिला. जाताना दादा नातीविषयी खूप बोलत होता. परत येताना खिडकीबाहेर बघत राहिला. घरासमोर उतरताना दरवाजा धरून म्हणाला, "थँक यू." त्या घरात जावयाला थँक यू म्हणायची पद्धत नव्हती.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" भाची म्हणाली.

"ते तुझे बाबा आहेत."

मग ती माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. फोन आला होता."

"मग तू काय म्हणालीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. माझं वय, तिचं माझ्यावरचं प्रेम, सगळं पाहता ते सोपंही होतं. मी म्हटलं, "बरोबर केलंस म्हणाले."

तिने माझ्याकडे पाहिलं ते मला आजही आठवतं. राग नव्हता त्यात. एखादा पत्ता चुकीचा निघाल्यावर माणूस दारावरची पाटी पुन्हा वाचतो, तशी ती पाहत होती. ती उठली, हिरवळीवर खाली गेली आणि तिथून तिने बापाला फोन लावला. तिच्या बाजूचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. बराच वेळ ती फक्त ऐकत होती. मग एकच वाक्य मराठीत, आणि इतकं स्पष्ट मराठी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं: "आईच्या नावावर हे खपवू नका."

उरलेले दिवस ते राहिले. नायगरा पाहिला, मुलीसाठी कपडे घेतले. माझ्याशी ती नीट वागली. जाताना वाकून नमस्कारही केला.

दोन वर्षांनी ते पोलंडला गेले, जावयाच्या गावी. त्याला तिथे काम मिळालं, मुलीला सांभाळायला आजी होती. कुणी हाकललं नव्हतं, सगळे कागद व्यवस्थित होते. "तिथे मला दर वेळी दुकानात शिरताना कुठली भाषा बोलायची याचा विचार करावा लागणार नाही," एवढंच जावई मला फोनवर म्हणाला. भाचीला पोलिश शिकावं लागलं. अजून अडखळते.

दादा लेस्टरच्या त्याच घरात राहिला. युरोपातल्या लोकांचं येणं कमी झालं की आपल्या माणसांना दार उघडेल, असं त्याला वाटलं होतं. वहिनीच्या बहिणीने नंतर एकदा पुन्हा अर्ज केला, वहिनीचं घर एकदा पाहावं म्हणून. तोही नाकारला गेला. तिसऱ्यांदा तिने केला नाही.

गेल्या वर्षी माझ्या सत्तरीला मी हट्टाने सगळ्यांना इकडे बोलावलं. दादा आला, भाचीही आली, तिच्याबरोबर अकरा वर्षांची नात. हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं, पुरणपोळी, केक, गाणी. दादा आणि भाची शेजारी बसून जेवले. तिने त्याला दोनदा तूप वाढलं. पूर्वी ती त्याच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलायची, त्याला हसवायची. आता सगळं इंग्रजीत, अगदी व्यवस्थित, जसं आपण चांगल्या शेजाऱ्याशी बोलतो. नात आजोबांना तिच्या शाळेचे फोटो दाखवत होती आणि दादा प्रत्येक फोटो चष्मा वर करून पाहत होता.

सगळे गेल्यावर मी दादाला विचारलं, "तिला एकदा म्हणून टाकत का नाहीस?"

"काय म्हणू?"

"चुकलो म्हणून."

"मी चुकलो असं मला अजून वाटत नाही," तो म्हणाला. "तिला दुखवलं हे मात्र खरं. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात कशा सांगायच्या ते मला येत नाही."

मला तरी कुठे येत होतं? मी त्याच्यासाठी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी मुलगी एका विमानाने गेली, बाप दुसऱ्याने. परवा तिचा मला फोन आला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं का, विचारत होती. मी म्हटलं, तूच विचार ना त्यांना. ती म्हणाली, "तू विचार, आत्या. मग मला सांग."

मी विचारलं. मग तिला सांगितलं.