तळाच्या अलीकडे थांबलेली केबल

जहाजावर सगळे तिला धाकटी म्हणत. ती समुद्राच्या पाण्यावर संशोधन करते. आई शिवणकाम करते, निघताना मशीनवरची मान वर न करता म्हणाली होती, "पाणी आणायला इतक्या लांब? नळाला येतंय की, बाई."

नव्या शास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाची ही सफर. पद्धत अशी, की रोज एका नवख्याने नेतृत्व करायचं आणि त्या दिवशी त्याच्या गुरूनेही त्याच्या हाताखाली राबायचं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. धाकटीच्या दिवशी जहाज समुद्रातल्या एका खोल दरीवर उभं होतं. तिचं सगळं संशोधन त्या तळाच्या पाण्यावर अडलं होतं, आणि दुपारनंतर वारा वाढणार होता.

पाणी आणायची रीत तशी साधी. लोखंडी चौकटीत कमरेएवढी नळकांडी उभी बसवतात आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवून केबलने खाली सोडतात. हव्या त्या खोलीवर इशारा दिला की झाकणं मिटतात. एखादं नळकांडं मिटलेलंच खाली गेलं, तर दाबाने चिरडतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं. म्हणून झाकणं उघडणारा "सगळी उघडी!" असं ओरडतो, ते ऐकल्यावरच नेत्याने हात वर करून चौकट सोडायला सांगायचं.

धाकटी कॅप्टनशी वाऱ्याबद्दल बोलत होती. बोलता बोलताच तिने हात वर केला. चौकट निळ्या पाण्यात दिसेनाशी झाली, केबल सुटत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, आपण ओरडणं ऐकलंच नाही.

"थांबवा. वर घ्या."

झाकणं उघडली होती पैलवानाने. तो तिच्याच बरोबरीचा. अंगाने काडी, म्हणून पैलवान. "अगं, उघडलीत मी! घसा फोडून ओरडलो!"

"मी ऐकलं नाही."

"मग आत्ता ऐक! वारा वाढतोय, तळ हातचा जाईल तुझा."

तिचे सर बादली विसळत होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. "वर घ्या," ती पुन्हा म्हणाली. नुसत्या शंकेपोटी स्वतःचंच काम पणाला लावणारं माणूस विरळाच दिसतं. केबलचं विंच चालवणाराही क्षणभर तिच्याकडे बघत राहिला.

चौकट वर आली. सगळी झाकणं उघडी होती.

"झालं समाधान?" पैलवानाने विचारलं.

"झालं. चूक माझी. सोडा खाली."

वारा काही तिच्यासाठी थांबला नाही. चौकट दरीत निम्म्यावर पोचली आणि कॅप्टनने "बास" म्हटलं. धाकटीने तिथेच झाकणं मिटवली.

पाणी वर आलं तेव्हा सर आपली बाटली घेऊन पुढे सरकले. "सर, आधी विरघळलेल्या वायूंचे नमुने. मागे व्हा," ती म्हणाली. सर मागे झाले. तिने नळकांड्याची तोटी सोडली. डेक उन्हाने तापलेला, आणि पाणी बोटं बधिर करणारं. या पाण्यावर शेवटचं ऊन पडलं, त्याला शतकं लोटली होती. ज्याने त्याने त्याखाली हात ओला करून घेतला, पैलवानानेसुद्धा.

संध्याकाळच्या बैठकीत तिने सरांना विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

"थांबवलं नसतं," सर म्हणाले. "झाकणं उघडी होतीच, तळाचं पाणी आलं असतं, आणि त्याचं श्रेय मी स्वतःला दिलं असतं."

"पण तळाचं काय आता?" पैलवानाने विचारलं.

"तो कुठे जातोय?" धाकटी म्हणाली. "मलाच परत यावं लागेल."