सर्व्हेअर येईपर्यंत

गुरुवार, १२ डिसेंबर २०२४. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी पुतण्याचा फोन आला.

"काका, गाडी पडली."

"तू?"

"मी धड हाय. गुडघा खरचटलाय."

"गाडीत आणखी कोण?"

"कोणीच न्हाई. कारखान्यावर ऊस खाली करून रिकामाच यायलो होतो. म्होरं उसाचा ट्रॅक्टर, ट्रेलरला मागून दिवा न्हाई. धुक्यात एकदम दिसला. वाचवायला गेलो अन् हरभऱ्यात आडवा झालो."

"गाडीला कोणाला हात लावू देऊ नकोस."

पलीकडे गलका ऐकू येत होता. "काका, लोक चेन बांधायलेत."

"सोडायला सांग. मी येतो."

हा ट्रक माझ्या मालकीचा एकमेव. डोळे साथ देत होते तोवर तो मीच चालवला. आता पुतण्या चालवतो. उसाच्या हंगामावर आमची दोन घरे वर्ष काढतात, आणि हंगाम नुकता सुरू झाला होता. क्लेम मंजूर झाला तर ट्रक दुरुस्त होऊन पुन्हा उसाला लागणार होता. नाही झाला तर तो भंगारवाल्याच्या दारात उभा राहणार होता. दुसरा पर्याय माझ्यापाशी नव्हता.

विम्याच्या बाबतीत मी अडाणी नाही. पॉलिसी काढताना एजंट म्हणाला होता, "काका, फुल इन्शुरन्स हाय. डोळे झाकून सही करा." डोळे झाकून मी फक्त झोपतो. पॉलिसी मी भिंग घेऊन वाचली. ट्रक म्हणजे काय, याविषयी विमा कंपनीचे मत आपल्याहून वेगळे असते, हे तेव्हा ध्यानात आले. कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. आपल्या ट्रकने दुसऱ्याचे केलेले नुकसान त्यात येते, ट्रकचे स्वतःचे येत नाही. त्यासाठी हप्ता वेगळा. तो भरला तरी ट्रकमधला माल त्यात धरत नाहीत, मालाचा विमा निराळा. शिवाय मालवाहू गाडीचे दिवे, मडगार्ड, बंपर, टायर आणि रंग यांसाठी आणखी थोडा जादा हप्ता. मी एजंटला विचारले की दिवे, बंपर, टायर आणि रंग वजा केल्यावर जे उरते, त्याला ट्रक कोण म्हणतो. तो म्हणाला, "काका, असं अजून कुणी इचारलंच न्हाई." मी जादा हप्ता भरला. मालवाहू गाडीत वाटेतले प्रवासी बसवायचे नाहीत, बसवले तर क्लेम अडकतो, हेही मी वाचले होते आणि पुतण्याला दोनदा बजावले होते.

पाथरीहून निघण्याआधी कंपनीच्या नंबरवर कळवले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, वाहन आहे त्या स्थितीत ठेवा. आमचे सर्व्हेअर जागेवर येऊन पाहतील." थोड्या वेळाने सर्व्हेअरचा फोन आला. पालमला एक टेम्पो पडला होता, तो आटोपून ते येणार होते. पालम जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

जागेवर पोचलो तेव्हा ट्रक फुलावर आलेल्या हरभऱ्यात डाव्या कुशीवर पडलेला होता. केबिन एका अंगाने चेपली होती. लोक पुष्कळ जमले होते आणि सगळे मदतीच्या तयारीत होते. त्यांचा पुढारी शेजारच्या वस्तीवरचा एक धिप्पाड ट्रॅक्टरवाला होता. चेन त्याच्या खांद्यावर होती.

"काका, बाजूला व्हा. दोन झटक्यात उभी करतो."

"नको."

"पैशे न्हाई मागायलो."

"ठाऊक आहे. तरी नको."

"मग कवा उचलायची?"

"सर्व्हेअर पाहून गेल्यावर."

"त्येला काय पाह्यचंय? पडलेली हाय, हे मी सांगतो की!"

आमच्या भागात रस्त्यात गाडी पडली तर ती उभी केल्याशिवाय माणसे घरी जात नाहीत. हा सद्गुण आहे, आणि त्याच्यापासून ट्रक वाचवण्यासाठी मला दिवसभर राखण करावी लागली. शेतातल्या आखाड्यावरच्या झोपडीतून प्लॅस्टिकची खुर्ची मागवून मी ट्रकच्या टपापाशी बसलो. येणारा प्रत्येक जण आधी ट्रककडे पाही, मग माझ्याकडे. मला धक्का बसला असावा, असा बहुतेकांचा अंदाज झाला. एका म्हातारीने माझ्यावरून लिंबू उतरवून टाकले.

पुढे बातमी पसरली की खाली माणूस दबला आहे, म्हणून मालक गाडी उचलू देत नाही. गर्दी दुप्पट झाली. पुतण्या बांधावर बसून चहा पीत होता, तेवढ्यात त्याला पेडगावच्या मेव्हण्याचा फोन आला. फोन उचलणारा कोण, याची चौकशी न करताच मेव्हण्याने दबलेल्या आवाजात विचारले, "किती वाजता हाय?"

"काय किती वाजता?"

"माती."

"कुणाची?"

मेव्हण्याने आवाज ओळखला. मग त्याने शिव्या दिल्या आणि फोन ठेवला. मातीला यायला जीप भाड्याने ठरवून झाली होती, असे नंतर समजले.

दुपारी शेतमालक समोर येऊन उभा राहिला. माझ्याच वयाचा, बोलण्यात माझ्याइतकाच काटकसरी.

"पाव्हणं, माझी कालव्याची पाळी हाय. पाणी सोडायलो."

"संध्याकाळपर्यंत थांबा."

"कालवा थांबंल का? पाळी गेली की गेली."

मी त्याला समजावून सांगितले की त्याच्या पिकाचे नुकसान माझ्या विम्याच्या थर्ड पार्टीत येते. पंचनामा करून दावा लावावा लागेल.

"थर्ड पार्टी म्हंजे?"

"तिसरा पक्ष. कंपनी एक, मी दोन, तुम्ही तीन."

"माझ्याच रानात म्या तिसरा?"

"कायद्याने."

"अन् पैशे कवा?"

"वेळ लागतो."

"तवर हरभरा पुन्हा उगवंल," असे म्हणून तो पाणी सोडायला निघून गेला.

पाणी ट्रकखाली शिरले तर माती भिजून ट्रक आणखी बसणार होता. मदतीसाठी हात शिवशिवणारी एवढी माणसे रिकामी उभी होती. मी त्यांना म्हणालो, ट्रकला हात न लावता त्याच्याभोवती बांध घाला. सकाळपासून अडवून धरलेला परोपकार एकदम मोकळा झाला. फावडी आली, टोपली आली. बघता बघता ट्रकभोवती सर्व बाजूंनी बंद, गुडघाभर उंचीचा, चोपून गुळगुळीत केलेला बांध तयार झाला. बाहेर पाणी पसरले, आत ट्रक कोरडा. मला समाधान वाटले, हे नमूद केले पाहिजे.

उन्हे कलल्यावर सर्व्हेअर मोटारसायकलवर आला. बूट हातात, पँट वर दुमडलेली, चिखल तुडवत तो बांधाशी पोचला. नंबरप्लेट, केबिन, तुटलेले दिवे यांचे त्याने फोटो काढले. आर.सी., परमिट, फिटनेस, पॉलिसी, पुतण्याचे लायसन्स, सगळे तपासले. सगळे चालू होते. मग तो बांधावर चढला आणि चारी बाजूंना पाहू लागला.

"ट्रक आत आला कुठून?"

त्याने बांधावरून एक फेरी मारली.

"बांध कुठेच फुटलेला नाही. चाकांच्या खुणा नाहीत. रस्त्यापासून इथपर्यंत नुसतं पाणी. वरून ठेवला का?"

ट्रक हलू नये म्हणून दिवसभर बसलो होतो. खुणांचे रक्षण करायचे राहून गेले होते. मी सांगितले की बांध दुपारी घातला, पाणी कालव्याचे आहे. त्याने मान हलवली. अशी मान विश्वास बसल्यावर हलत नाही.

ही वेळ ट्रॅक्टरवाल्याने मदतीसाठी निवडली.

"सायेब, लय मोठा अपघात होता! आडवा रोही आला."

"रोही? म्हणजे नीलगाय?" सर्व्हेअरने पुतण्याकडे पाहिले. "तुम्ही तर ट्रेलर म्हणालात."

"ट्रेलर बी होता, रोही बी होता," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "अन् केबिनमधी सा माणसं होती! देवानंच वाचवलं."

माणसे जितकी जास्त, तितकी भरपाई जास्त, असा त्याचा हिशेब होता. प्रत्येक शब्दाने तो माझा ट्रक भंगारवाल्याकडे ढकलत होता, आणि मधूनच माझ्याकडे पाहून डोळा मारत होता.

"गप्प बसा," मी म्हणालो.

"काका, तुमी लाजू नका. सायेब, मी सवता बसलो होतो केबिनमधी!"

सर्व्हेअरचे पेन थांबले. "म्हणजे मालवाहू गाडीत प्रवासी होते."

"न्हवते."

हे शेतमालक बोलला. खांद्यावर फावडे घेऊन तो पाण्यात उभा होता.

"डुकरं येतात म्हणून म्या रातभर जागलीला हाय. पोरगं एकलंच होतं. ट्रेलरवाला थांबलाबी न्हाई. रोही-बिही काय न्हाई. पाणी म्या सोडलं, बांध ह्या रिकामटेकड्यांनी घातला."

"पुरावा?" सर्व्हेअर म्हणाला.

शेतमालकाने ट्रॅक्टरवाल्याकडे बोट केले. "ह्याच्या मोबाइलात बगा. पळत आला, अन् आधी फोटो काढला. पोराला लागलं का, हे मागून इचारलं."

ट्रॅक्टरवाल्याला मोबाइल द्यावा लागला. फोटो सकाळीच स्टेटसला लागला होता. मागे आडवा ट्रक. रस्त्यापासून ट्रकपर्यंत हरभरा चिरत गेलेल्या चाकांच्या दोन स्वच्छ खुणा. पाणी नाही, बांध नाही. कडेला एकटा बसून गुडघा चोळणारा पुतण्या. पुढे, निम्म्याहून अधिक जागा व्यापून, दोन बोटे वर केलेला ट्रॅक्टरवाला स्वतः.

सर्व्हेअरने तो फोटो, आधीचे आणखी दोन आणि त्यांची वेळ आपल्या मोबाइलवर घेतली. पुतण्याचा जबाब लिहिला, शेतमालकाचा लिहिला. सहा माणसे आणि रोही खोडून टाकले. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची पूर्ण किंमत मिळत नाही, हे त्याने मला सांगितले. मला ते माहीत होते.

"रिपोर्टमध्ये अडचण दिसत नाही," बूट घालता घालता तो म्हणाला. "आता उचलायला हरकत नाही."

ट्रॅक्टरवाला रस्त्यावर आपल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पाठ करून बसला होता. मी गेलो.

"चेन आणा."

"आता कामून? दिवसभर हात लावू नका म्हणायलते ना?"

"आता लावा."

"आमी रिकामटेकडे हाव."

"तुमचा फोटो चांगला आला आहे," मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. मग विचारले, "खरंच?" आणि उठला.

पहिल्या झटक्यात चेन तुटली. दुसरी आणली. शेतमालकाने बांध फोडून वाट करून दिली आणि ट्रॅक्टरची चाके रुतली तेथे उसाचे पाचट टाकले. अंधार पडता पडता ट्रक उभा राहिला आणि ओढत रस्त्याच्या कडेला आणला. पंचनाम्यासाठी सकाळी पोलीस ठाण्यात बरोबर जायचे, असे मी शेतमालकाशी ठरवले. त्याच्याशी त्याहून अधिक बोलायला हवे होते. तो घाईत होता, आभार मानायचे राहून गेले.

पुतण्याला घरी पाठवले, रात्रीच्या राखणीला मी थांबलो. हँडब्रेक धरत नव्हता आणि रस्त्याला उतार होता. कडेचे दोन मोठे धोंडे लोटत आणून मी मागच्या चाकांना लावले.