ललिताचा कोच

सेनगावजवळच्या तांड्यावर १९९८ साली गुळगुळीत जागा एकच होती, धनसिंग राठोडचं शेणानं सारवलेलं खळं. मामानं पुण्याहून जुने चाकांचे बूट आणले आणि धनसिंगची पोर ललिता मळणी उरकली की हौश्या बैलाचा कासरा धरून मधल्या मेढीच्या खांबाभोवती फिरू लागली. पुढं कासरा सुटला. मग एका पायावर, मग पाठमोरी.

औरंगाबादला फिगर स्केटिंगच्या स्पर्धेत मात्र मैदान पाहून ती रडकुंडीला आली. "बा, मधी मेढ न्हाई. फिरू कशाभोवती?"

धनसिंग मधोमध जाऊन ताठ उभा राहिला. परीक्षक ओरडले, शिट्ट्या वाजल्या. पण मेढ कुठं हलत असते? ललिता त्याच्याभोवती अशी भिंगरली की लोक खुर्च्या सोडून उठले. गाणं संपलं तरी पोरगी थांबेना. शेवटी धनसिंगनं खळ्यावरची हाक दिली, "हो, हौश्या, हो!" तशी ती जागच्या जागी थबकली.

"हिचा कोच कोण?" परीक्षक चिडून म्हणाले.

"घरी हाय," धनसिंग ओशाळला. "आणत होतो, साहेब. पण यष्टीच्या दारात शिंगं अडकली."