नंबर लागला तर

"नंबर लागला तर येतो." लग्नाची पत्रिका द्या, सत्यनारायणाला बोलवा, काकांचं उत्तर ठरलेलं. डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना नावाने कुणी ओळखत नसे; विमानवाले काका म्हटलं की झालं. सरकारी विमान कंपनीच्या काउंटरवर त्यांची उभी हयात गेलेली.

रिटायर झाल्यावरही त्यांना कंपनीचा पास होता. तुम्हाला वाटेल, काय मजा आहे! कसली डोंबलाची मजा? पासवाल्याला सीट मिळते ती तिकीटवाले सगळे बसल्यावर, एखादी उरली तर. नाहीतर बॅग उचला आणि घरी या. तरी काका कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालूनच निघणार. पासवर जाणारा माणूस गबाळा दिसला तर कंपनीची लाज जाते म्हणे.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न करून नैरोबीला गेलेली. काकू वारल्यापासून तिच्यासाठी डिंकाचे लाडू काकाच वळायचे. विमान फुल्ल असलं की संध्याकाळी परत यायचे आणि डबा आमच्या दारात. "घ्या, खा. आज एक सीट रिकामी नव्हती!" असे खूश, जसं काही विमान यांच्या बापाचं. पोर तिकडे वाट बघतेय आणि यांना कौतुक कंपनीचं! लाडू खात खात आम्ही त्यांची यथेच्छ टर उडवायचो.

मग लाडू येणं बंद झालं. काका विमानतळावर गेले की थेट नैरोबीला पोचायचेच. मी म्हटलं, "काका, नशीब उघडलं की तुमचं." ते हसले नाहीत. "अगं, गेलो की लगेच नंबर लागतोय. परवा अख्खी रांग मला एकट्याला झोपायला मिळाली. हे काही खरं नाही." तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, कंपनीची विमानं रिकामी जात होती.

नंतर एकेक कानावर यायला लागलं. स्टाफची कॅन्टीन बंद. कॉलनी रिकामी करा. मुंबईहून नैरोबीचं थेट विमान बंद. शेवटी कंपनीच विकली गेली आणि नव्या मालकाने परदेशाचा बराचसा कारभार दिल्लीला हलवला. काकांचा पास राहिला, पण आता आधी दिल्लीच्या विमानात सीट उरायला हवी आणि मग पुढच्याही.

त्यातच मुलीला दिवस गेले. सातव्या महिन्यातच पायांना सूज, बीपी वर. जावई कामासाठी सतत बाहेर. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस ठरवला तेव्हा ती फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही याच. मला खूप भीती वाटतेय."

माझं डोंबिवली वेस्टला तिकीट बुकिंगचं ऑफिस आहे. काका सांगायला आले, पासवर निघतोय म्हणून. माझं डोकंच फिरलं. "अशा वेळी पास? अहो काका, दुसऱ्या कंपनीचं मुंबईहून थेट विमान आहे. बघू का सीट?"

"बघूच नकोस. जिचं मीठ खाल्लं ती कंपनी सोडून दुसऱ्याच्या विमानात बसू?" हट्टी माणूस! उठले आणि गेलेसुद्धा. ते गेल्यावर मी बघितलंच. भरपूर सीट होत्या.

दिल्लीपर्यंत ते आरामात पोचले. दुसऱ्या दिवशी फोन आला. "पुढचं विमान फुल्ल आहे गं! नव्या मालकाने जम बसवला बरं का." आवाजात तोच जुना आनंद. त्याच्या दुसऱ्या दिवशीही विमान फुल्ल, पण आवाज बसलेला. चौथ्या दिवशी मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाले, "ती फोन उचलत नाहीये. काढ तिकीट. कुणाचंही काढ."

मी काढलं. त्यांचं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं. पासपोर्ट नंबर तीनदा विचारला. ते पोचेपर्यंत ऑपरेशन घाईघाईने उरकलं होतं. बाळ वाचलं. मुलगी पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

ते परत आल्यावर मी भेटायला गेले. तेच म्हणाले, "एक खरं सांगशील? मी बघू नको म्हणालो, त्या दिवशी थेट विमानात सीट होती?"

"नव्हती, काका. पूर्ण फुल्ल होतं ते."

त्यांनी हळूच मान हलवली.

जावई बाळाला घेऊन आपल्या गावी परतला. आता ते तिथेच, नातीजवळ असतात. इथल्या दाराला कुलूप आहे. मधूनच फोन येतो. नात रांगते, पडते, सगळं सांगतात. मग पुन्हा तेच विचारतात. मी पुन्हा नाही म्हणते.